जूनचा दिवस : घरगुती ड्रायरची कथा

धारवाड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, पश्चिमेकडील डोंगराळ पावसाळी मलनाड आणि पूर्वेकडील काळ्या मातीचा सपाट मुलूख यांच्या सीमेवर वसले आहे. या सीमेवरच्या वस्तीचे सुख चैत्र-वैशाखात कळते, आणि तिचे दुःख आषाढ-श्रावणात. येथील पाऊस कोकणातल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही. तो भुरभुरत राहतो; थांबला असे वाटावे आणि छत्री मिटावी, तोच पुन्हा येतो. अशा दिवसांत सकाळी वाळत घातलेले धोतर संध्याकाळी हाताला गारच लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो.

बाजारपेठेतील सुभाष रोडवर या ओलीचा जाच दोन तऱ्हेच्या माणसांना होतो. एक, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर बिऱ्हाड करून राहणाऱ्या गृहिणी, ज्यांना अंगण नाही आणि गच्ची असली तरी पावसात उपयोगाची नाही. दुसरे, कागदाचा व्यवहार करणारे. जी. बी. जोशी यांनी १९३३ साली सुरू केलेली मनोहर ग्रंथमाला ही कानडी प्रकाशनसंस्था याच रस्त्यावरील एका माळ्यावर नांदली. कानडीत माळ्याला 'अट्ट' म्हणतात; आणि धारवाडच्या साहित्यिक वर्तुळात नुसते 'अट्ट' म्हटले, तरी कोणता माळा ते सांगावे लागत नाही. अशा माळ्यावरचे कागदांचे गठ्ठे आणि शेजारच्या बिऱ्हाडातील दांडीवरचे धुणे यांचा शत्रू एकच आहे. कागद आणि सुती कापड ही दोन्ही मूळची वनस्पतींच्या तंतूंची. हवेतील ओल ओढून घेणे हा त्या तंतूंचा स्वभावच होय. त्यातून कागद वाचविणे एक वेळ सोपे, कारण तो मुळात कोरडा असतो. कपडा मात्र रोज पाण्यात घालावा लागतो, आणि रोज कोरडा करावा लागतो. माणसाने या रोजच्या कामासाठी कोणकोणते उपाय केले, आणि त्यांतून आजचे ड्रायर नावाचे यंत्र कसे घडले, याची कथा दिसते तेवढी किरकोळ नाही.

तिचे मर्म समजण्यास प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कपडा उष्णतेने वाळतो असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कपडा वाळतो तो हवेमुळे. कपड्यातील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ हवा उचलून नेते. परंतु हवेची ही उचलण्याची शक्ती मर्यादित असते. बावीस अंश सेल्सिअस तपमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १९ ग्रॅम वाफ सामावून घेऊ शकते. श्रावणातील हवेत बहुधा ही भरती जवळजवळ पुरी झालेली असते. मग ती कपड्यातले पाणी घेणार कोठून? हीच हवा साठ अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यात सुमारे १३० ग्रॅम वाफ मावू शकते. म्हणजे उष्णता हवेची झोळी मोठी करते. झोळी भरली की ती बाहेर नेऊन रिती केली पाहिजे आणि नवी आणली पाहिजे. नाही तर कितीही तापविले तरी व्यर्थ. उष्णता, वारा आणि वाफेला बाहेर पडण्यास वाट, या तीन गोष्टींचा मेळ म्हणजे कपडे वाळविण्याचे शास्त्र. ज्या ज्या वेळी माणसाने यांतील तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष केले, त्या त्या वेळी त्याची फजिती झाली, आणि कधीकधी घरही जळाले.

आपल्याकडील जुन्या घरांतून हे शास्त्र कोणी पुस्तकात शिकले नव्हते, पण ते आचरणात होते. माजघराच्या तुळयांना टांगलेली दांडी ही घरातील सर्वांत उंच जागा. तिच्यावर लांब काठीने धोतरे-लुगडी पसरीत. यात सोवळ्याचा हेतू होताच. वर टांगलेल्या वस्त्राला कोणाचा स्पर्श होत नसे. परंतु हवेच्या दृष्टीनेही ती जागा नेमकी होती. चुलीची ऊब वर चढते, छपराखाली साचते, आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडते. दांडीवरचे वस्त्र त्या चढत्या हवेच्या वाटेतच टांगलेले असे. ऊब, वारा आणि वाट या तिन्ही गोष्टी एका बांबूने साधल्या होत्या.

बाळंतिणीच्या खोलीत याहून घाईचा प्रश्न असे. तान्ह्या मुलाची दुपटी आणि लंगोट दिवसातून कितीतरी वेळा बदलावे लागत, आणि पावसाळ्यातले बाळंतपण असले म्हणजे घरातील म्हाताऱ्या बायका हवालदिल होत. मग निखाऱ्यांची शेगडी ठेवून तिच्यावर बांबूची विरळ विणीची टोपली पालथी घालीत आणि टोपलीवर ओली दुपटी पसरीत. वर चिमूटभर ऊद टाकला की वासही जाई. घरगुती वाळवणयंत्राचे हे आपल्याकडील पहिले रूप म्हणावयास हरकत नाही. खाली अग्नी, वर कपडा, मध्ये हवेला वाट देणारी जाळी. यातला धोकाही उघड होता. एखादे दुपटे घसरून निखाऱ्यावर पडले की ते पेटे. आणि दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाच्या धगीचा विषारी वायू साचे, त्याचा त्रास प्रथम माता-बालकांनाच होई. म्हणून जाणती बाई शेगडीजवळून उठत नसे, आणि एक झरोका उघडा ठेवण्याविषयी आग्रही असे. यंत्राची देखभाल म्हणतात ती हीच.

शहरातील मोठ्या प्रमाणावरच्या धुण्याची व्यवस्था वेगळी होती. मुंबईत महालक्ष्मी येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला धोबीघाट आजही पाहावयास मिळतो. तेथील दोऱ्यांवर चिमटे दिसत नाहीत. दोन दोऱ्यांना एकमेकींभोवती पीळ देतात आणि त्या पिळात कपड्याचे टोक अडकवितात. वारा कितीही सुटला तरी कपडा जागचा हलत नाही. परंतु पाऊस लागला की धोब्याचाही नाइलाज होतो, आणि परटाकडे टाकलेले कपडे वेळेवर न येणे हा पावसाळ्यातला नित्याचा अनुभव होऊन बसतो.

युरोपातील थंड, ढगाळ मुलखांत हा नाइलाज वर्षातील कितीतरी महिने टिकत असे. तेव्हा यंत्राचा विचार प्रथम तिकडे सुचावा यात नवल नाही. इ.स. १८००च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या गृहस्थाने एक यंत्र केले. धातूच्या पिंपाला भोके पाडून ते आडवे टांगलेले असे. आत ओले कपडे भरावयाचे, खाली विस्तव ठेवावयाचा, आणि हाताने दांडा फिरवून पिंप फिरवीत राहावयाचे. त्याला वायुवीजक अशा अर्थाचे नाव होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. करणाऱ्याला वाऱ्याचे महत्त्व कळले होते. पण फिरणाऱ्या पिंपाखाली नागडा विस्तव होता. कपड्यांना धुराचा वास लागे, काजळी लागे, आणि हात थांबला तर कपडे करपत. आपल्या टोपलीतील दोष या यंत्रातही उतरला होता. फरक एवढाच की टोपली स्थिर होती, पिंप फिरते होते.

पुढे जवळजवळ शंभर वर्षे मूळ कल्पना फारशी पुढे सरकली नाही. ७ जून १८९२ रोजी अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णी संशोधकाला कपडे वाळविण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. त्याने उघडा विस्तव टाळला. स्वयंपाकाच्या शेगडीच्या धगीजवळ कपडे टांगून ठेवता येतील असा सांगाडा त्याने योजला होता. वेगळे इंधन नको, आणि कपडा ज्वाळेपासून दूर. आपल्या दांडीमागची आणि त्याच्या सांगाड्यामागची बुद्धी एकच होती, ही गोष्ट दोघांनाही भूषणावह आहे.

खऱ्या अर्थाने आजचा ड्रायर ज्याच्यामुळे घराघरांत आला, तो रॉस मूर हा अमेरिकेतील नॉर्थ डकोटा या अतिशय थंड प्रांतातील शेतकऱ्याचा मुलगा. तिकडच्या हिवाळ्यात दोरीवर टाकलेला ओला कपडा वाळण्याआधी गोठतो आणि पापडासारखा ताठ होतो. आपल्या आईला त्या कडाक्यात बाहेर जाऊन धुणे टाकावे लागते, हे मुलाला पाहवेना. १९१५च्या सुमारास त्याने घराजवळच्या खोपट्यात एक पिंप आणि तेलाची शेगडी बसवून कपडे वाळविण्याची सोय केली, अशी हकिगत सांगतात. त्यानंतर वायूवर आणि विजेवर चालणारी सुधारलेली यंत्रे बनविण्यात त्याची वर्षांमागून वर्षे गेली. अखेर विस्कॉन्सिन प्रांतातील हॅमिल्टन कंपनीने त्याच्या कल्पनेवरून केलेले यंत्र १९३८ साली बाजारात आले. यंत्राच्या दाराला काचेची खिडकी असावी, म्हणजे आतले कपडे उसळताना दिसतील आणि गिऱ्हाइकाला यंत्र काय करते ते न सांगता कळेल, ही सूचना ब्रुक्स स्टीव्हन्स या नामांकित अभिकल्पकाची.

त्या यंत्राचे नाव होते 'जून डे', म्हणजे जूनचा दिवस. अमेरिकेत जून महिना हा सोनेरी उन्हाचा, मंद वाऱ्याचा. घरातल्या पेटीत बारा महिने जूनचा दिवस विकत मिळेल, असे त्या नावाचे आश्वासन होते. धारवाडच्या गृहिणीला हे नाव ऐकून हसू येईल. तिच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतो आणि दोरीवरचे धुणे घाईघाईने आत येते. जे नाव तिकडे उन्हाचे, तेच इकडे पावसाचे. परंतु हसून झाल्यावर तिच्या ध्यानात येईल की, त्या मुलाने आईचे जे श्रम पाहिले, ते येथे कोणाला निराळे नव्हते. थंडीने गोठलेले बोट आणि पावसात पिळे घेऊन जिने चढणारा हात, दोन्ही एकाच कामाचे.

या यंत्राचे आजचे रूप पाहू. पिंप आडवे असते आणि विजेच्या मोटरीने सावकाश फिरते. आतल्या कडांना उभट पट्ट्या असतात. त्या कपडे वर उचलतात आणि वरून खाली सोडतात. प्रत्येक उसळीत कपडा मोकळा होतो आणि त्याच्या घड्यांमध्ये हवा शिरते. विजेच्या तारांनी किंवा वायूच्या ज्योतीने तापविलेली हवा पंखा पिंपातून ओढून नेतो. तपमान ठरावीक मर्यादेपुढे जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅट असतो, आणि तोही बिघडलाच तर वीज तोडणारी आणखी एक व्यवस्था असते. बाहेर पडणारी हवा एका जाळीतून जाते, मग नळीतून घराबाहेर. ज्या घरांना बाहेर नळी काढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वाफ यंत्रातच थंड करून तिचे पाणी टाकीत जमविणारी यंत्रे निघाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याहून पुढची पायरी आली : थंड पेटीत जसे उष्णता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वाहून नेणारे चक्र असते, तसे चक्र या यंत्रात बसविले. वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते, तीच पुन्हा हवा तापविण्यास वापरली जाते, आणि विजेचा खर्च निम्म्याच्या आसपास येतो.

हा खर्च क्षुल्लक नाही. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास कमीत कमी दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. हा सृष्टीचा नियम आहे, त्यात घासाघीस चालत नाही. एका कुटुंबाचे धुणे कोरडे असताना तीन किलो भरते असे समजू. हाताने पिळून टाकले तर त्यात साधारण तेवढ्याच वजनाचे, म्हणजे तीन लिटर पाणी राहते. ते साध्या ड्रायरात उडवावयाचे, तर दोन युनिटांहून अधिक वीज गेलीच. म्हणूनच हिंदुस्थानातील मध्यमवर्गीय घरांत ड्रायर आला, तो अगदी वेगळ्या रूपाने.

१९८०नंतरच्या दशकात आपल्या शहरांतून दोन पिंपांची धुण्याची यंत्रे दिसू लागली. एका पिंपात कपडे धुवावयाचे, ते उचलून शेजारच्या लहान पिंपात टाकावयाचे. या लहान पिंपाला दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सारे 'ड्रायर' म्हणू लागले, आणि एका गैरसमजाने मूळ धरले. पावसाळ्यात नवे यंत्र घेतलेल्या घरांतून हमखास एक तक्रार निघे : ड्रायर चालतो, पण कपडे काही वाळत नाहीत. तक्रार खरी, पण दोष यंत्राचा नव्हे, नावाचा. त्या पिंपात हवा तापविण्याचे साधन नसते. ते वाळविणारे यंत्र नसून पिळणारे यंत्र आहे.

त्याचा वंश वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील कापडाच्या कारखान्यांत भोके असलेले पिंप वेगाने फिरवून ओल्या कापडातील पाणी बाहेर फेकण्याची युक्ती निघाली. तीच पुढे साखरेच्या धंद्याने उचलली. बेळगाव-कोल्हापूरकडच्या ज्या वाचकांनी साखर कारखाना आतून पाहिला असेल, त्यांना फिरत्या पिंपात मळी जाळीबाहेर जाते आणि पांढरे दाणे आत राहतात, तो देखावा आठवेल. घरच्या यंत्रातील लहान पिंप हे त्याचेच धाकटे भावंड. ते मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेते, आणि आतील पाण्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे दोनशेपट जोर येतो. कोणत्याही मनगटाला इतका पीळ देता येणार नाही. पाच मिनिटांत तीन लिटरांपैकी निम्मे पाणी निघून जाते, आणि त्यास एका युनिटचा पन्नासावा हिस्साही वीज लागत नाही. जे पाणी पाण्याच्याच रूपात फेकून देता येते, त्याची वाफ करण्यात पैसा घालवू नये, हा या यंत्राचा धडा आहे. तापविणारा ड्रायर ज्यांच्या घरी आहे त्यांनीही कपडे आधी असे चांगले पिळून घेतले, तर त्यांचे अर्धे बिल वाचते.

या पिळण्याच्या पिंपाची निगा अवघड नाही. कपडे चारी बाजूंना सारखे दाबून भरावेत. एका कडेला चादर आणि दुसऱ्या कडेला रुमाल असे झाले की पिंप हेलकावे खाते, भिंतीवर आपटते आणि त्याचा आस लवकर झिजतो. कपड्यांवर यंत्राबरोबर मिळालेली चकती ठेवावी, म्हणजे एखादा पायमोजा उडून पिंपाखाली अडकत नाही. खिशातील नाणी, टाचण्या आधी काढाव्यात. झाकण उघडताच पिंप थांबले पाहिजे. थांबण्यास वेळ लागू लागला तर आतला रोधक झिजला असे समजून तो दुरुस्त करून घ्यावा, आणि फिरत्या पिंपात हात कदापि घालू नये. पाणी जाणारी नळी जमिनीलगत, उताराला असावी. ओल्या फरशीवर यंत्र ठेवताना भूमिजोडणी पक्की असल्याची खात्री जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी. काम झाल्यावर झाकण काही वेळ उघडे ठेवावे. पिंपालाही वाळावे लागते.

तापविणाऱ्या ड्रायरची निगा मात्र एका वेगळ्याच वस्तूभोवती फिरते, आणि ती वस्तू धारवाडच्या चांगल्या परिचयाची आहे : कापसाची लव. १८४०च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापूसलागवडीचे जाणकार आणि रुई-सरकी वेगळी करणारी करवतीची यंत्रे या देशात आणविली. न्यू ऑर्लीन्सच्या बियाण्याने अनेक जिल्ह्यांत निराशा केली. धारवाड-हुबळीच्या काळ्या मातीत मात्र ते रुजले, आणि 'धारवाड-अमेरिकन' या नावाने त्या कापसाची बाजारात ओळख झाली. पुढे याच जिल्ह्यातील गरग येथील विणकरांचे खादी कापड आणि हुबळीतील बेंगेरी येथील खादी संघ यांची नावे राष्ट्रध्वजाशी जोडली गेली. ज्या गावाने कापूस असा पिढ्यान्‌पिढ्या हाताळला, त्याला कापसाच्या लवेचे दोन गुण सांगावयास नकोत. ती हलकी असते म्हणून हवेबरोबर कोठेही जाते. आणि ती कोरडी असते म्हणून एका ठिणगीने पेटते. रुईच्या गंजीजवळ विडी ओढू न देण्याचा कडक दंडक कापसाच्या प्रत्येक वखारीत असतो, तो यासाठीच.

ड्रायरमध्ये प्रत्येक उसळीबरोबर कपड्याची थोडी लव सुटते. नव्या टॉवेलांची अधिक, जुन्या धोतराची कमी. ती जाळीवर बसते आणि करड्या वाकळीसारखा थर होतो. जिनमध्ये जी रुई हवी म्हणून सारा खटाटोप, तीच येथे नको असते. थर जाड झाला की हवेची वाट अडते. कपडे वाळण्यास वेळ लागतो, म्हणून माणूस यंत्र अधिक वेळ चालवितो. आतील उष्णतेला बाहेर जाता येत नाही. आणि जाळीतून निसटलेली लव तापलेल्या तारांजवळ जमू लागते. शेगडीवर दुपटे घसरून पडावे तसेच हे, फक्त डोळ्यांआड. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब काढला, तेव्हा राहत्या इमारतींत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत असल्याचे दिसले. त्यांत वर्षाला सुमारे पाच माणसे दगावत आणि शंभर जखमी होत. कारणांत सर्वांत पुढे होते ते यंत्र साफ न करणे : सुमारे ३४ टक्के. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनमधील एका अठरा मजली इमारतीस आग लागली, तीही एका सदोष ड्रायरमुळे.

हे आकडे दूरच्या देशांचे असले तरी मराठी माणसांना दूरचे नाहीत. मुलीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत जाणाऱ्या आयांची संख्या आता थोडी नाही. तेथील कित्येक वसाहतींत दोरीवर कपडे वाळत घालण्यास मनाई असते, म्हणून ड्रायर वापरण्यावाचून गत्यंतर नसते. अशा घरांत एक धोका खास आपल्या चालीरीतींतून उद्भवतो. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालावयाचे, आणि तेलाने माखलेले पंचे धुऊन ड्रायरात टाकावयाचे. तेल एका धुण्याने पुरते जात नाही. तेलकट कापड गरम असताना घडी करून ढिगात ठेवले, तर तेलाचा हवेशी संयोग होत राहून आतली उष्णता आपोआप वाढते, आणि यंत्र बंद झाल्यावर काही तासांनी तो ढीग धुमसू शकतो. म्हणून तेलाचे, तुपाचे, रॉकेलचे वा पेट्रोलचे डाग असलेले कापड तापविणाऱ्या ड्रायरात घालू नये. ते दोरीवर किंवा उभ्या घोड्यावरच वाळवावे. यंत्रातील शेवटची काही मिनिटे कपडे थंड करण्यासाठी असतात. घाईने ती मधेच तोडू नयेत.

बाकीची काळजी थोडक्यात सांगता येते. जाळीवरची लव प्रत्येक वेळी काढावी. हा नियम आठवड्याचा नव्हे, प्रत्येक खेपेचा आहे. कपड्यांना मऊपणा आणणारी द्रव्ये वापरणाऱ्यांनी अधूनमधून जाळी कोमट पाण्यात ब्रशने धुवावी, कारण त्या द्रव्यांचा न दिसणारा पापुद्रा जाळीवर बसतो. हवा बाहेर नेणारी नळी धातूची, आखूड आणि शक्य तितकी सरळ असावी, आणि वर्षातून एकदा आतून झाडून घ्यावी. बाहेरच्या तोंडाशी असलेली झडप यंत्र चालू असताना उघडते की नाही, ते पाहावे. पाणी जमविणाऱ्या यंत्राची टाकी दर वेळी रिकामी करावी आणि वाफ थंड करणारा भाग यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे स्वच्छ ठेवावा. पिंप गच्च भरू नये; उसळण्यास जागाच नसेल तर कपड्यांत हवा शिरणार नाही. रबर, फोम, रेनकोट आत घालू नयेत. रेशमी इरकल आणि पैठणी यांची जागा सावलीतल्या दांडीवरच आहे. दोन हजार वॅटच्या वर वीज खेचणाऱ्या यंत्राला स्वतंत्र, जड भाराची जोडणी हवी. साध्या जोडतारेवर ते चालवू नये. वायूवर चालणाऱ्या यंत्राची नळी तुंबली तर विषारी वायू घरात पसरतो, हे तर शेगडीच्या काळापासून ठाऊक आहे. आणि यंत्र लावून झोपी जाऊ नये, घराबाहेर पडू नये. जाणती बाई शेगडीजवळून उठत नसे, ते उगाच नव्हे.

यंत्र वाळवते तसे झिजवतेही. जाळीवरची लव म्हणजे कपड्याच्या आयुष्याचा तुकडाच होय. ऊन आणि वारा फुकट असताना विजेने धुणे वाळविणे हे आपल्या देशात तरी शहाणपणाचे नाही. जेथे ऊन नाही, अंगण नाही आणि घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस आहे, तेथे मात्र हे यंत्र चैन ठरत नाही. ओल्या भिंतींच्या खोलीत दोऱ्याच दोऱ्या बांधून, खिडक्या लावून कपडे वाळविले, तर त्यांतले पाणी घरातच राहते. भिंतींवर बुरशी धरते आणि दमेकऱ्याची छाती भरते. अशा घरात कपडे चांगले पिळून, एक खिडकी उघडी ठेवून, पंख्याखाली पसरून टाकणे एवढे केले, तरी पुष्कळ साधते.

पोशाँच्या पिंपापासून उष्णता परत वापरणाऱ्या यंत्रापर्यंत सुमारे दोनशे वर्षे लोटली. या साऱ्या काळात विस्तव कपड्यापासून दूर दूर गेला, दिसेनासा झाला, आणि म्हणूनच विसरला जाण्याचे भय वाढले. वाऱ्याची गरज मात्र तिळभरही कमी झाली नाही. सुभाष रोडवरच्या एखाद्या वरच्या मजल्यावर श्रावणातल्या संध्याकाळी कोणी दुपटी टोपलीवर पसरीत असो की पिंपात घालीत असो, करावयाचे काम एकच राहते : हवेची वाट मोकळी ठेवणे. जाळीवरची करडी वाकळ दोन बोटांनी सोलून टाकण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. आईचे श्रम वाचावेत म्हणून एका मुलाने ज्या यंत्रासाठी आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली, त्या यंत्राने कोणाच्या आईचे घर जाळू नये, एवढ्यासाठी ते अर्धे मिनिट द्यावयाचे आहे.